आत मॅडम, बाहेर बाई

फेब्रुवारी लागला की दहावीच्या घरात आवाजावर बंदी येते. यंदा ती आमच्या घरात आलीय. नात मुक्ता दहावीला आहे. कुकरनंसुद्धा शिट्टी विचारून द्यावी, असा कारभार. चिकलठाण्याच्या या नव्या वसाहतीत आम्ही पाचव्या मजल्यावर राहतो. डोक्यावरून विमान गेलं की खिडक्यांच्या काचा थरथरतात. त्या विमानाला कुणी काही बोलत नाही. मी मात्र परवा नुसतं एवढंच म्हटलं, "समोरच्या लिंबाची पानं गळायला लागली बघ," तर मुक्ता पुस्तकातून मान वर न करता म्हणाली, "आजी, प्लीज. बाहेर जाऊन बोल ना."

मी आज्ञाधारक बाई. गॅलरीत गेले, दार ओढून घेतलं, मग काचेवर टकटक केली आणि बाहेरून ओरडले, "लिंबाची पानं गळायला लागली!"

ती हसली नाही. मी मात्र खुर्चीत बसून बराच वेळ हसत होते. कारण 'बाहेर जाऊन बोल' हे वाक्य तिचं नाही, माझं आहे. फार जुनं आहे. चाळीस वर्षांहून अधिक काळ झाला, मी ते एका अख्ख्या वर्गाला ऐकवलं होतं. ते फिरून घरी यायला इतका वेळ लागला, एवढंच.

त्या वेळी मी तेवीस वर्षांची होते. पाचोडच्या पुढं आडवळणाला असलेल्या एका गावात, तिथल्या माध्यमिक शाळेत, मला इंग्रजी शिकवायची नोकरी लागली. तेवीस वर्षांची ती बाई आज माझ्यासमोर आली, तर मी आधी तिला पाणी देईन. एवढ्या कडक कांजीच्या साडीत माणसाला श्वास कसा घेता येतो, हे विचारीन. डोळ्यांवर गॉगल, पर्समध्ये डिक्शनरी आणि चेहऱ्यावर असा भाव, की जणू इंग्रजी भाषा मराठवाड्यात हीच पहिल्यांदा घेऊन आली. सकाळच्या एसटीत चढताना मी कंडक्टरला 'गुड मॉर्निंग' म्हणत असे. तो म्हणायचा, "बसा ताई, मागं जागा हाय." मला वाटायचं, काय हे अडाणी उत्तर! आता वाटतं, गुड मॉर्निंगला याहून चांगलं उत्तर जगात कुठं मिळेल?

पहिल्याच दिवशी मी दहावीच्या वर्गाला नियम सांगितला. वर्गाच्या उंबऱ्याच्या आत फक्त इंग्रजी. उंबऱ्याबाहेर काय बोलायचं ते बोला. आत मला 'मॅडम' म्हणायचं, बाहेर 'बाई' चालेल. जो आत मराठी बोलेल, तो तास संपेपर्यंत उंबऱ्याबाहेर उभा राहील. नियम सांगितला मराठीतच, नाहीतर कुणाला कळला असता? हा विनोद तेव्हा माझ्या ध्यानात आला नव्हता.

आमच्या तासाची एक ठरलेली पूजाच होती. फळ्याच्या उजव्या कोपऱ्यात तारीख. वहीला खाकी पुठ्ठा, समासाला लाल रेघ. रोज पाच नवे शब्द, अर्थासकट, पाच-पाच वेळा. मग धडा. मी एक ओळ वाचायची, चाळीस मुलांनी ती एका सुरात परत म्हणायची. सूर इतका एक, की बाहेरून जाणाऱ्याला आरती वाटावी. मी विचारायची, "अंडरस्टूड?" वर्ग म्हणायचा, "येस मॅडम." त्यापलीकडं आवाज नाही. टाचणी पडली तर ऐकू यावी. हेडसर व्हरांड्यातून जाताना थांबायचे, मान हलवायचे. एकदा म्हणाले, "मॅडम, एवढा शांत वर्ग या शाळेनं पाहिला नाही." ते ऐकून मी दोन दिवस हवेत होते. मला वाटलं, मुलं तल्लीन होतात. अहो, ती बोलायला घाबरत होती! पण गॉगलमधून तेवढं दिसत नाही.

आणि तरी मुलं ती मुलंच. महिनाभरात त्यांनी माझ्या नियमातून वाट काढली. बोलायचं असलं की हात वर करायचा. "मे आय गो आउट, मॅडम?" परवानगी मिळाली की उठायचं, उंबरा ओलांडायचा, दोन्ही पाय नीट बाहेर ठेवायचे, वर्गाकडं वळायचं आणि खणखणीत आवाजात सांगायचं, "बाई, खडू सपला." मग तिथूनच, "मे आय कम इन, मॅडम?" आणि मुकाट जागेवर. एवढी दोन वाक्यं त्यांना पक्की येत होती. सगळा संसार त्या दोन वाक्यांवर चालायचा.

एकदा भानुदास नावाच्या मुलानं असाच हात वर केला. "मे आय गो आउट, मॅडम?" मी 'येस' म्हटलं. तो शांतपणे उठला, सावकाश चालत बाहेर गेला, वळला आणि म्हणाला, "बाई, तुमच्या खुर्चीखाली इच्चू हाय."

मी खुर्चीवर चढले. "अगं आई गं! मारा रे त्याला! मारा!" हे सगळं अस्सल मराठीत आणि उंबऱ्याच्या आत. पुढच्या बाकावरच्या कुणीतरी चपलेनं विंचू मारला. मग वर्ग पुन्हा शांत झाला आणि चाळीस चेहरे माझ्याकडं बघत राहिले. कुणी काही बोललं नाही, बोलणार कसं? पण प्रत्येकाच्या डोळ्यांत तेच होतं. बाई आता बाहेर उभ्या राहतात का?

मी खाली उतरले, निऱ्या सारख्या केल्या आणि पुस्तक उघडलं. माझ्याविषयी जे काही कळायचं, ते त्या वर्गाला त्या दिवशी कळलं असणार.

मुक्ताला हे सांगितलं, तेव्हा तिनं पहिल्यांदा पुस्तक मिटलं. "म्हणजे तू चीटिंग केलीस?"

"केली."

"मग पुढं?"

 चहा ठेवते म्हणून उठले. विंचू सोपा होता. रेहाना अवघड आहे.

रेहाना मुलींच्या रांगेत शेवटच्या बाकावर भिंतीकडेला बसायची. तिचे वडील चाँदभाई गावोगावच्या बाजारात बांगड्या भरायचे. तिचं अक्षर वर्गात सगळ्यांत सुंदर. पण ती उंबऱ्याबाहेर कधी जात नसे. दार होतं मुलांच्या बाजूला. शेवटच्या बाकावरून उठून सगळ्या मुलांसमोरून चालत जायचं, सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलायचं, परत तसंच यायचं. त्यापेक्षा गप्प बसलेलं बरं, असं तिनं ठरवलं असावं. मी मात्र माझ्या मनाच्या वहीत तिच्यापुढं लिहून ठेवलं होतं: मुलगी हुशार, बोलण्यात मंद.

दिवाळी झाली आणि बोर्डाचे फॉर्म आले. थंडी पडायला लागली होती. सकाळच्या जादा तासाला मुलं शाली गुंडाळून यायची, तोंडातून वाफा काढत 'येस मॅडम' म्हणायची. रानात कापूस फुटला होता. वेचणीच्या दिवसांत अर्ध्या वर्गाला ताप यायचा. म्हणजे अर्जात यायचा. गैरहजर राहायचं तर इंग्रजीत अर्ज, हा माझा आणखी एक नियम. नमुना मी एकच शिकवला होता: 'ॲज आय ॲम सफरिंग फ्रॉम फीवर, काइंडली ग्रँट मी लीव्ह फॉर टू डेज.' त्यामुळं कापूस वेचायला गेलं तरी ताप, मामाच्या लग्नाला गेलं तरी ताप, म्हैस व्याली तरी ताप. मी अर्ज लाल शाईनं तपासून परत द्यायची. मुलांनी माझे लाल शब्द जसेच्या तसे घालून पक्की प्रत काढायची, ती मी फाइलला लावायची. अर्जात काय म्हटलंय, याच्याशी माझा संबंध नव्हता. मी शुद्धलेखन बघायची.

त्या आठवड्यात एका सकाळी हेडसर व्हरांड्यात कुणा पाहुण्यांना शाळा दाखवत होते. ते माझ्या दाराशी आले आणि नेमका त्याच वेळी शेवटच्या बाकावरून हात वर झाला. पहिल्यांदाच. "मे आय गो आउट, मॅडम?" रेहाना उभी होती.

पाहुण्यांसमोर उंबऱ्याबाहेरचं मराठी नको, असं मला वाटलं. मी गोड हसून म्हटलं, "नो. टेल मी इन इंग्लिश."

ती तशीच उभी राहिली. ओठ हलले. भिंतीकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं. पाहुणे कौतुकानं वाट बघत होते. मग ती खाली बसली. पाहुणे पुढं गेले. मी धडा पुढं चालू केला.

दुसऱ्या दिवशी टेबलावर तिचा अर्ज होता. नेहमीचा नमुना, नेहमीचं सुंदर अक्षर. फक्त शेवटी 'टू डेज' नव्हतं. 'काइंडली ग्रँट मी लीव्ह फॉर ऑल डेज.' मी 'ऑल डेज' खाली लाल रेघ मारली, वर ठसठशीत लिहिलं, 'हाउ मेनी डेज?' आणखी दोन-चार ठिकाणी रेघा ओढल्या आणि कागद परत केला.

तिसऱ्या दिवसापासून ती आली नाही. तिची शेजारीण सुनंदा अर्जाची पक्की प्रत घेऊन आली. लाल शब्द जसेच्या तसे घालायचे, हा नियम रेहानानं शेवटपर्यंत पाळला होता. 'काइंडली ग्रँट मी लीव्ह फॉर हाउ मेनी डेज.'

मी हसले. नुसती हसले नाही, तो कागद स्टाफरूममध्ये नेला आणि मोठ्यानं वाचून दाखवला. सगळे हसले. माझ्या आयुष्यात मला परत घ्यावासा वाटणारा एखादा हशा असेल, तर तो तोच. एकट्या शिंदेबाई हसल्या नाहीत. त्या मराठी शिकवायच्या, निवृत्तीला आलेल्या, बोलायला तिखट.

"आधीच्या कागदावर काय होतं?" त्यांनी विचारलं.

"ऑल डेज."

"म्हणजे?"

"म्हणजे... सगळे दिवस."

शिंदेबाईंनी चष्मा काढून पदरानं पुसला. "अगं शहाणे, पोरगी रजा मागत नव्हती. निरोप घेत होती. अन् तू तिला विचारलंस, किती दिवसांचा?"

त्यांच्या त्या 'शहाणे'नं माझी कांजी उतरली. तेवढ्यात हेडसरांचा शिपाई दारात आला. फॉर्मचं पाकीट उद्या जाणार, दहावीचा एक फॉर्म कमी आहे. कुणाचा, ते बघायची गरज नव्हती.

दुपारून पाचोडचा आठवडी बाजार होता. मी हाफ डे टाकला (अर्ज मराठीत) आणि कोरा फॉर्म पर्समध्ये घालून एसटीनं गेले. मिरच्यांच्या ढिगांमधून खोकत, गुळाच्या माशा वारत बांगड्यांच्या ओळीत पोहोचले आणि थांबले. पोत्यावर लाकडी पेटी, दोरीत ओवलेल्या हिरव्या, लाल, मोरपंखी बांगड्यांच्या लडी आणि मधोमध रेहाना. माझी बोलण्यात मंद असलेली मुलगी!

ती एका म्हातारीला सांगत होती, "मावशी, ह्या घे सुनेला. लई उठून दिसतील. नाय आवडल्या तर सुनेला परत धाड, बांगड्या ठीव." बाया खदाखदा हसत होत्या. तिकडून एक लमाणी बाई आली, तर तिच्याशी तिच्या बोलीत. पलीकडच्या अत्तरवाल्याशी दखनीत. कुणाला 'आक्का', कुणाला 'बाजी', कुणाला नुसती भुवई. अर्ध्या तासात तीन भाषा, आणि एकदाही ती अडली नाही. मी चार महिने चाळीस तोंडं बंद करून त्याला शिकवणं म्हणत होते. त्यातलं एक तोंड हे होतं.

तिनं मला पाहिलं आणि ताडकन उभी राहिली. "गुड आफ्टरनून, मॅडम." आणि गप्प. बाजाराच्या गोंगाटात तेवढा एक चौकोन माझ्या वर्गासारखा झाला.

"बाई म्हण," मी म्हटलं. "इथं उंबरा नाही." आणि गिऱ्हाईकासारखी पोत्यावर बसले, हात पुढं केला.

तिनं माझा हात हातात घेतला, बोटं एकत्र दाबली. पहिली बांगडी अंगठ्यापाशी कट्कन गेली. "वाढली," ती म्हणाली. काचेला फुटली म्हणायचं नसतं. दुसरीही वाढली. तेव्हा ती हळूच म्हणाली, "हात सैल सोडा, बाई. ताठ धरला की काच टिकत नाय."

मी हात सोडला. बांगडी सरकन आत गेली. आणि एकेक बांगडी चढवत, खाली बघत, ती सगळं बोलली. अब्बा म्हणाले होते, बाईंना विचार, इंग्रजीत पास होशील का. बाई हो म्हणाल्या तर फॉर्मवर सही करतो. "तेच इचारायचं होतं, बाई. सगळ्यांसमोर नाय. दाराबाहेरून, हळू."

चाँदभाई शेजारीच होते. बांगडी डोळ्यांजवळ नेऊन तिचं माप बघत होते. "हौ बाई. मी म्हटलं, एक साल फुकट कशाला घालवायचं? माझी नजर आता साथ देत नाय, हिला बसवतो धंद्यावर. बाई काय बोलल्या, विचारलं, तर ही म्हणती, काहीच नाय बोलल्या. मी म्हटलं, मग शाळेला कळवून टाक." त्यांनी पेटीच्या तळातून एक घडी काढली. तिचा पहिला अर्ज. "कळवलं. तर हे आलं. मला इंग्रजी येत नाय, मराठी वाचता येत नाय. पण लाल कळतं. मी समजलो, बाईंचं उत्तर आलं. बाईंनाही पोरगी नको."

मी तो कागद हातात घेतला. शुद्धलेखन अगदी बरोबर तपासलं होतं.

"तर आता सांगा," चाँदभाई म्हणाले. "होईल का पास?"

'होईल' म्हणायला काय लागत होतं? पण मी त्या मुलीचं एकच वाक्य ऐकलं होतं, आणि त्यालाही नाही म्हटलं होतं. "मला माहीत नाही," मी म्हटलं. "मी तिला कधी बोलूच दिलं नाही. आता माहीत करून घेते. तुम्ही सही करा."

चाँदभाईंनी माझ्याकडं, मग फॉर्मकडं, मग पोरीकडं पाहिलं. रेहाना बांगड्या ओवत होती, पण दोरी तिथल्या तिथंच होती. "अब्बा," ती म्हणाली, "बाई आज पहिल्यांदाच खरं बोलल्या."

ते मोठ्यानं हसले. पेन माझंच घेतलं. सही केली ती उर्दूत, उजवीकडून डावीकडं, बांगडीसारखी गोल. मला ती वाचता आली नाही. मी तिथं रेघ मारली नाही.

पाकीट दुसऱ्या दिवशी सगळे फॉर्म घेऊन गेलं.

आता तुम्हाला वाटेल, मी दुसऱ्या दिवशी वर्गाची माफी मागितली. छे! तेविसाव्या वर्षी माणसाला एवढी अक्कल असती, तर म्हातारपणी हसायला काय उरलं असतं? मी नियम मोडला नाही. मी फक्त सांगितलं, आत थंडी फार आहे, आजपासून तास बाहेर व्हरांड्यात उन्हात. मुलांनी एकमेकांकडं पाहिलं. उंबरा ओलांडून चाळीस जणं बाहेर आली, आणि मग जो काही गलका झाला, तो परीक्षेपर्यंत थांबला नाही. आधी मराठीत विचारायचं, मग त्याचंच मोडकंतोडकं इंग्रजी करायचं, मग हसायचं. कोवळ्या उन्हात रेहाना बांगड्यांचा बाजार इंग्रजीत करून दाखवायची आणि भानुदास लाजत सुनेच्या बांगड्या घ्यायचा. हेडसर धावत आले, "मॅडम, वर्गाला झालं काय?" मी म्हटलं, "सर, इंग्रजी येतंय त्यांना." नंतर त्यांनी माझं कौतुक कधी केलं नाही.

रेहाना पास झाली. इंग्रजीत काठावर. पुढं बारावी केली, लग्न झालं. नवरा वाळूजच्या कारखान्यात लागला, म्हणून बजाजनगरात आली. घराच्या पुढच्या खोलीत तिनं बांगड्यांचं दुकान काढलंय. तिचाही नातू आता शाळेत जातो. मी वर्षातून दोनदा-तीनदा बांगड्या भरायला तिच्याकडंच जाते. इतरांकडं माझ्या हाताला काच टिकत नाही.

मुक्तानं चहाचा कप खाली ठेवला आणि म्हणाली, "मला त्यांना बघायचंय." पेपर आठ दिवसांवर आलेला, तरी रविवारी हट्टानं घेऊन गेली. मी रिक्षातून उतरले, दुकानाच्या पायरीवर पाय ठेवला, तोच आतून आवाज आला.

"थांबा, बाई. बाहेरच."

"का गं?"

काउंटरमागं रेहाना. केस पांढरे, नाकावर चष्मा. शेजारी मुक्ता, हसू दाबत. पोरगी पुढं पळाली होती ती चुगली करायलाच. "इच्चूच्या दिवशी आत मराठी बोललात," रेहाना म्हणाली. "शिक्षा राहिलीय."

मग मी उभी राहिले. दुपारचं ऊन होतं. रस्त्यानं जाणारी कारखान्याच्या पाळीवरची माणसं वळून बघत होती. आत बांगड्या भरून घेणाऱ्या एका तरुण बाईनं विचारलं, "कोन हायेत ह्या?"

"माझ्या बाई हायेत. उभं केलंय त्यांना."

खरं सांगते, बरं वाटलं. इतक्या वर्षांनी कळलं, उंबऱ्याबाहेरून आतलं फार स्पष्ट ऐकू येतं. पाच-सात मिनिटं गेली असतील. गुडघे कुरकुरायला लागले, तेव्हा मी हात वर केला.

"मे आय कम इन, मॅडम?"

रेहानानं चष्मा नाकाच्या शेंड्यावर ओढला. थेट माझ्यासारखा. काउंटरवरचं लाल पेन उचललं.

"फॉर हाउ मेनी डेज?"

"ऑल डेज," मी म्हटलं, आणि चपला काढल्या.